निळा की बदामी

अप्पा, समोरच्या खोलीच्या भिंतीवर रंगाऱ्यानं परवा दोन पट्टे ओढले, एक निळा, एक बदामी, आणि वाळल्यावर बघून सांगा म्हणून गेला. तुमची नात म्हणाली, आई, निळा घे, बुद्धाची मूर्ती त्याच्यापुढं खुलून दिसते. खरंच होतं ते. बदामीपुढं मूर्ती भिंतीत विरून जात होती. तरी मी बदामीच म्हणाले. का, तर निळा लवकर उडतो, दोन वर्षांत पुन्हा खर्च. "तुझं नेहमीचंच हाय," म्हणून ती हसली.

हेच कारण मी तुम्हालाही दिलं होतं. भीमजयंती जवळ आली आहे, तुम्ही बादलीत चुन्यात नीळ कालवताय, हात कोपरापर्यंत निळे. मी दहावीत आहे आणि मुखेडच्या शाळेतली मैत्रीण पहिल्यांदाच आपल्या घरी वही न्यायला येणार आहे. भिंती पांढऱ्या असल्या तर तिला आपण कोण ते कळणार नाही, असं मला वाटतं. आख्खी वस्तीच निळी आहे, हे काही ध्यानात येत नाही. मी म्हणते, यंदा नुसता पांढरा द्या.

"का गं?"

"निळा लवकर उडतो."

तुम्ही माझ्याकडं बघत राहता. "असं व्हय? मग जास्ती घालू की," म्हणता आणि निळीची आणखी एक पुडी बादलीत सोडता. तुम्हाला खरं कळलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही.

इथं लातूरला शेजारच्या काकू मायाळू आहेत. वाटीभर भाजी इकडून तिकडं चालू असते. आडनावावरून त्यांना काही उमगलं नाही, मीही सांगितलं नाही. दारातून त्यांना पहिली दिसते ती हीच भिंत. नुसती मूर्ती काय, कुणाच्याही घरात असते. मागं निळी भिंत असली की मग विचारायचं काही उरत नाही. बुद्धवंदना मी रोज म्हणते अप्पा, एक दिवस चुकवत नाही. पण दार लावून म्हणते. तुम्ही असता तर हे तोंडानं सांगायची हिंमत झाली नसती, म्हणून पोस्टात कधीच न टाकायच्या कागदावर लिहितेय.

आज काम संपलं. खोली बदामी झाली. रंगारी डबे उचलून दारात गेला, वळून मूर्तीकडं पाहिलं आणि म्हणाला, "येतो मावशी. जय भीम."

मी आधी शेजारच्या दाराकडं पाहिलं. ते बंद होतं. मग जय भीम म्हणाले.