नाकावरचा आकडा

३ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

दोन महिने तुझं पत्र नाही, म्हणजे पंपांच्या दुरुस्तीत तू गळ्यापर्यंत बुडालेला असणार. इथे सगळं ठीक. माझं कवळ्यांचं काम जोरात आहे. दिवसभर लोकांचे दात घडवते आणि संध्याकाळी त्याच चिमट्यांनी, त्याच ब्रशांनी रेसच्या छोट्या गाड्या. आई म्हणते, एखाद्या दिवशी कुणाच्या तरी तोंडात चाक बसवून देशील.

आता मुद्द्याचं. या वेळी मी तुझी गाडी करतेय. तीच, जी तू आपल्या गॅरेजमध्ये पत्र्यापासून बांधलीस आणि बाबांनी एकदाच रेसमध्ये चालवली. मूळ गाडीच्या चोविसाव्या भागाएवढी, तळहातापेक्षा जराशी मोठी. ९ मार्चला, रविवारी, मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन आहे आणि जुने रेसवाले झाडून सगळे येणार आहेत.

अडचण कोणती, ते तुला माहीत आहे. प्रत्येक मॉडेलपुढे कार्ड ठेवायचं असतं, गाडी कोणी बांधली आणि कोणी चालवली याचं. बाबा म्हणाले, त्याचं नाव कार्डावर आलं तर मी तिथे पाऊल टाकणार नाही. पाचव्या फेरीत इंजिन जाम होऊन गाडी कठड्यावर आदळली ती तू तेलाची नळी ढिली ठेवलीस म्हणून, हे त्यांचं पालुपद अजून तसंच आहे. आईचं म्हणणं, तुमचा अबोला अठरा वर्षांचा झाला, आता त्याचं लग्न लावून टाका.

मला तुम्ही दोघंही तिथे हवे आहात, आणि तुझं नाव मी लिहिणारच. कसं ते ठरलेलं नाही, पण जमवेन. तू फक्त गाडीच्या नाकाची, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाची, मापं कळव. घरात एकच फोटो आहे, तोही मागून काढलेला, आणि नाकाचा तर त्या दिवशीच चुरा झाला.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी मुंगी

११ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रानं अंगावर मूठभर मांस चढलं. मापं सोबतच्या कागदावर आहेत, एकही विसरलेलो नाही. नाकाच्या वरच्या बाजूला, बरोबर मधोमध, बशीएवढं भोक होतं. त्यातून वारा आत शिरून तेल थंड करणाऱ्या जाळीवर जायचा. गाडीचा रंग लाल, पण भडक नव्हे, विटकरीकडे झुकणारा. खाली करडं अस्तर दे, हे तुला सांगायला नको.

नळीचं म्हणशील तर ती मी स्वतः आवळली होती. आवळल्यावर नटावरून नळीवर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, ही आमची पद्धत. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. गाडी सोडण्याआधी रेघ सरळ होती, मग मी पलीकडे टायरांपाशी गेलो. पुढे दाजी सगळ्यांदेखत जे बोलले, त्यानंतर कुणी माझ्याकडे रेसची गाडी आणली नाही. पंप आणतात. पंपावर बसून कुणी रेस हरत नाही, तेवढाच आराम.

नाव लिहायचं तर ठळक लिही. कोपऱ्यात, बारीक अक्षरांत असलं काही चालायचं नाही. मी चुकलेलो नाही, मग लपू कशाला? मात्र त्यासाठी घरात भांडण ओढवून घेऊ नकोस. ताईला सांग, गुडघा शेकायचा कंटाळा करू नको.

तुझ्यावर जीव असलेला,
मामा

२४ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझा लाल जमला. चार पातळ हात, मध्ये दोन-दोन दिवस वाळवण, आणि ओल्या पॉलिश पेपरनं घासून घासून बोटांची सालं गेली. बाबा रोज 'मला काय त्याचं' असं म्हणत टेबलाशी येत होते.

काल आकड्याची वेळ आली. पांढऱ्या गोलात सात, पाण्यात भिजवून सरकवायचा स्टिकर. कुठे लावू विचारलं, तर बाबांनी ब्रश हातातून काढूनच घेतला. म्हणाले, त्या दिवशी आयोजकांनी आकडे अगदी ऐनवेळी वाटले, आणि हा मी स्वतःच्या हातांनी चिकटवला होता, मला विचार. चष्मा लावला, श्वास रोखला आणि गोल नाकावर मधोमध बसवला. लांबून दिसायला हवा म्हणून अगदी तिथेच होता, असंही ठासून सांगितलं.

मी वरून स्टिकर मऊ करणारं औषध लावलं. त्यानं तो खालच्या आकाराला घट्ट बसतो. दोन मिनिटांत सात मध्येच खचला. बाबांनी विचारलं, खाली हे भोक कसलं. मी म्हटलं, तेल थंड करायचं भोक, मामानं माप दिलंय.  त्यांनी चष्मा काढला आणि चहा तसाच टाकून बाहेर गेले.

मामा, खरंच सांगते, मी हे ठरवून केलं नाही. भोक मीच पाडलं, आकडा मीच छापला, तरी दोन्ही एका जागी येतात हे मला दिसलं नव्हतं.  मला बाबांबद्दल वाईट वाटतंय आणि तुझ्यासाठी नाचावंसं वाटतंय.

लवकर लिही, लोभात खंड नको.
तुझी मुंगी

२७ फेब्रुवारी

वस्ताद,
स. न. वि. वि.

मुंगीनं कळवलंच असेल. भोक मी बुजवलं. मला माझा सात लांबून दिसायला हवा होता. तेल तापत गेलं, इंजिन जाम झालं, नळी त्या तेलानं फुटली. मी सांडलेलं तेल पाहिलं आणि तुला धरलं. नाकाचे तुकडे कुणी जुळवून पाहिले नाहीत, मीही नाही. हरल्याची लाज वाटत होती, ती तुझ्या माथी मारून मोकळा झालो. तुझं गॅरेज माझ्या तोंडामुळे गेलं. तुझ्या ताईनं सांगितलं म्हणून नव्हे, मी आपणहून माफी मागतोय.

कार्ड मी लिहिलंय. वर तुझं नाव, मोठ्या अक्षरांत. खाली माझं, आणि त्याखाली एक ओळ: 'वाऱ्याची वाट चालकानं बुजवली.' स्टिकर तसाच खचलेला ठेवायला सांगितलाय. त्या दिवशी ज्यांच्यासमोर तुला बोललो, त्यातले बरेच जण येतील. मी मॉडेलशेजारी उभा राहून त्यांना सांगणार आहे. तू ये.

पूर्वीसारखं मानशील तर मानून घे.
तुझ्या ताईचा नवरा

३ मार्च

ती. दाजींस,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं, साक्षीदार असलेला बरा. रडलोही, लपवत नाही.

पण आता माझंही ऐका. ते भोक कशासाठी आहे, हे मी तुम्हाला एकदाही सांगितलं नव्हतं. गाडी माझी, तुम्ही नुसती चालवायची, असा माझा तोरा होता. एवढं एक वाक्य बोललो असतो, तर तुम्ही आकडा वीतभर मागे लावला असता. अठरा वर्षं मी नळीचीच शपथ घेत बसलो, कारण नळीत मी बरोबर होतो.

तेव्हा कार्डावरची ती ओळ खोडा आणि अशी लिहा: 'बांधणाऱ्यानं सांगितलं नाही, चालकानं विचारलं नाही.' आणि तुम्ही एकटे उभे राहू नका. मॉडेलला दोन बाजू असतात, दुसऱ्या बाजूला मी उभा राहतो.

मी शनिवारीच येतोय. अठरा वर्षांचं बोलायचं राहिलंय, ते एका रविवारात मावायचं नाही.

राहिलेला लोभ घ्यायला येणारा,
तुमचा वस्ताद