नाल्यावरचा पालक

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भाजीवाल्यासमोर उभी राहिले की तुम्ही मागे खाकरताय असा भास होतो. पालक जितका टवटवीत, तितकी तुमच्या कपाळावरची आठी मोठी. मनीमाजऱ्याच्या पलीकडे, जिथे आपल्या शहराचे सेक्टर संपत, तिथे नाल्याच्या सांडपाण्यावर वाढलेली भाजी बाजारात सगळ्यांत देखणी असायची, आणि तिच्यात शिसं नि कॅडमियम किती उतरलंय ते आपण शोधत होतो. म्हणजे मी शोधत होते. तुम्ही माझ्या चुका शोधत होतात. घरात तुम्ही आधी पालकाला बंदी केलीत, मग फ्लॉवरला, मग मुळ्याला. शेवटी काकू लाटणं खाली ठेवून म्हणाल्या, "मग या गावात खायचं काय, सेक्टर?" मी तेव्हा तुमच्याकडेच जेवत होते. पिठलं होतं. त्या आठवड्यात रोज पिठलंच होतं म्हणे.

दिवस मात्र हसण्याचे नव्हते. पेपरात पंजाबातल्या गोळीबाराची बातमी आली की अकोल्याहून वडिलांचं पत्र निघायचं. त्या हिवाळ्यात त्यांनी निर्वाणीचं लिहिलं: उन्हाळ्याच्या आत काम संपव, नाहीतर आहे तशी घरी ये, स्थळं कुणासाठी थांबत नाहीत. आपले शेवटचे नमुने आणायचे राहिले होते आणि थंडी सरत आली होती. ते हुकले तर पुढचा पालक पुढच्या हिवाळ्यात, आणि तोवर माझं लग्न. नाल्याकाठचा पालक हवा तेवढा मिळाला. तुलनेसाठी ट्यूबवेलच्या स्वच्छ पाण्यावरचाही लागणार होता. तो शेतकऱ्याने सगळा विकून टाकलेला. हातापाया पडून मूठभर मिळवला.

आणि मग परतीच्या वाटेवरचा तो तपासणी नाका. तुम्ही स्कूटर थांबवता, मी मागे पिशवी पोटाशी धरून बसलेली. जवान पिशवी उघडतो. आत नंबर टाकलेल्या मातीच्या पुड्या, बाटल्यांत काळं पाणी, आणि पालक.

"ये क्या है?"

"पालक," मी म्हणते.

"नंबर लगा के?"

इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. तुम्ही तुमच्या सदाशिव पेठी हिंदीत म्हणालात, "देखिए, सच बोलूँ तो इसमें जहर है." मी तुमचा कोट ओढला, पण तुम्हाला समोर श्रोता दिसला होता. शिसं मुळांतून पानांत कसं चढतं, किडनीचं काय होतं, सगळं सांगून झालं. जवानाने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि विचारलं, "तो किसको खिलाने ले जा रहे हो, जी?" मग त्याने एक बाटली उघडून हुंगली. त्यानंतर त्याचा आवाज चढला. "सब्जी है तो खा के दिखाओ. नहीं तो सब यहीं रहेगा."

मी ट्यूबवेलच्या पुडीकडे हात नेला. स्वच्छ पालक, खाऊन टाकावा, सुटावं. तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "तो नको. तो मूठभरच आहे. नाल्याचा पुष्कळ आहे." आणि तुम्ही, ज्यांनी बायकोला वर्षभर मुळा खाऊ दिला नाही, नाल्यावरचं एक रुंद पान मातीसकट तोंडात घातलंत आणि सावकाश चावलंत. जवान बघत राहिला. मग त्याने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली आणि आपल्याला सोडलं. वाटेत तुम्ही एवढंच बोललात, "वजनातून एक पान वजा कर." पुढचे काही दिवस तुम्ही विभागात आला नाहीत. ताप आहे, असं काकूंनी कळवलं. ताप कुठे होता ते सगळ्या विभागाला ठाऊक होतं.

काम उन्हाळ्याआधी झालं. वडिलांना पदवी दाखवली, मग त्यांनी स्थळांचा विषय निदान जेवताना तरी काढला नाही. मी इथेच राहिले, इथेच शिकवते. तुम्ही मला फार आवडायचात, सर. हे तुमच्या हयातीत बोलले असते तर तुम्ही नमुन्यांविषयी काहीतरी विचारून विषय बदलला असता.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून टाकणार नाही. आता माझ्याही हाताखाली विद्यार्थी आहेत, हुशार आहेत, वेळेवर येत नाहीत. कधी त्यांच्याकडे बघताना मनात येतं, यांच्यासाठी मी ते पान खाल्लं असतं का? नसतं, सर. त्यांतल्या एका मुलीसाठी कदाचित. तेही शिजवून.