हेमांगीचं शेवटचं प्रकरण

सोलापूर,
ता. २ डिसेंबर १९३१

तीर्थरूप सौ. रुक्मिणी आत्याच्या चरणी मालतीचे शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं पुस्तकांचं गाठोडं अक्कलकोटच्या मोटारीतून सुखरूप पोचलं. आईला त्यात गूळ असेल असं वाटलं होतं. ती अजून घुश्शात आहे. मी मात्र चार दिवस नुसती वाचते आहे, आणि तू विचारण्याआधीच मत सांगून टाकते.

ते पाकशास्त्राचं पुस्तक ज्याने लिहिलं तो जन्मात चुलीपुढे बसलेला नाही. बासुंदीला तीन पानं, आणि ज्वारीच्या भाकरीपुढे फक्त ‘ही सर्वांस येतेच’. त्याला आमच्या परातीपुढे बसवायला हवं. काशीयात्रेचं पुस्तक मला सगळ्यांत आवडलं. लेखक देवापेक्षा धर्मशाळेतल्या ढेकणांबद्दल जास्त लिहितो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. ताऱ्यांचं पुस्तक बाबांनीच पळवलं. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन ते मला कृत्तिका दाखवतात, आणि ती दरवेळी वेगळीकडे असते. गुप्तहेराची गोष्ट रंगते खरी, पण चौथ्या प्रकरणात तो आपला घोडा पिंपळाला बांधून आत जातो आणि शेवटी परततो आगगाडीने. त्या मुक्या जनावराला कुणी सोडलं की नाही?

आणि ‘विजनवासिनी हेमांगी’! लेखक ‘एक गृहस्थ’. ही हेमांगी मला फार आवडली होती गं. हट्टी, हसरी, बापाशी वाद घालणारी. आणि शेवटच्या प्रकरणात ती चांदण्यात तलावाकाठी, काही कारण नसताना, चार पानांचं भाषण करून मरते. मी ते आईला वाचून दाखवत होते, तेवढ्यात दूध घालायला बनाबाई आली. ती दारातच थांबून ऐकत होती. म्हणाली, ‘पर मरायला झालं काय तिला? ताप आला हुता व्हय?’ मी मागची पानं पुन्हा चाळली, कारण कुठेच सापडलं नाही.

तू सुचवलेलं स्थळ रविवारी येतं आहे. रंगनाथ मास्तर, त्यांचे काका गुंडोपंत वकील आणि काकू. आईबापांमागे काकांनीच त्यांना वाढवलं असं तू लिहिलंस. मागच्या दोन्ही स्थळांनी ‘मुलगी फार बोलते’ असं कळवलं होतं, म्हणून बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला आहे की या वेळी तोंड उघडायचं नाही. मी दिला आहे.

माया आहे तशीच ठेव, आणि पुस्तकं पाठवायची थांबवू नकोस.

तुझी,
मालती


अक्कलकोट,
ता. ५ डिसेंबर १९३१

चि. मालतीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र आत्ताच हाती आलं, आणि मोटार सुटायच्या आत हे टाकायचं आहे म्हणून चारच ओळी. त्या हेमांगीबद्दल रविवारी काही वाईट बोलू नकोस. विषय निघाला तर गोड हस आणि चहा पुढे कर. कारण मागाहून सांगते. अबोली रंगाचं लुगडं नेस.

तुझी काळजी करणारी,
आत्या


सोलापूर,
ता. ७ डिसेंबर १९३१

तीर्थरूप आत्यास मालतीचे शि. सा. न. वि. वि.

तुझी चार ओळींची चिठ्ठी आज सकाळी आली. मंडळी काल येऊन गेली.

मी तोंड उघडलं नाही. नाव, वय, काय काय येतं, सगळ्याला मानेनेच उत्तर दिलं. मग रीतीप्रमाणे अक्षर पाहायला कागद आणि दौत पुढे आली. मी ‘श्री’ काढून नाव लिहिणार, इतक्यात गुंडोपंत म्हणाले की नाव तर सगळ्याच मुली घोटून येतात. तुम्हाला वाचनाची आवड आहे असं कळलं, तेव्हा नुकत्याच वाचलेल्या एखाद्या पुस्तकावर चार ओळी लिहा. आत्या, तोंडाबद्दल मी शब्द दिला होता, हाताबद्दल नाही. मी लिहिलं ते असं:

‘विजनवासिनी हेमांगी ही कादंबरी वाचली. नायिका फार जिवंत आहे, म्हणून तिचा शेवट खोटा वाटतो. मरणारे माणूस एवढे बोलत नाही. लेखकास तिच्या मरणाविषयी काही ठाऊक नसावे.’

गुंडोपंतांनी वाचलं. चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा वाचलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. काकूंनी रंगनाथ मास्तरांना हळूच काय लिहिलं ते विचारलं. त्यांनी सांगितलं, तशा त्या पदर तोंडाला लावून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आईला वाटलं, हसू आवरेना. पण परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. मग ‘कळवतो’ म्हणून सगळे गेले. बाबा कालपासून माझ्याशी बोलत नाहीत, तारेही दाखवत नाहीत.

एक गोष्ट तुलाच सांगते. मधे बाबांनी काही विचारायचं असेल तर विचारा म्हटलं, तेव्हा रंगनाथ मास्तरांनी कोनाड्यातल्या गुप्तहेराच्या पुस्तकाकडे बघून विचारलं, त्या घोड्याचं पुढे काय झालं असेल असं तुम्हाला वाटतं? सगळे गोंधळले. मला मात्र तिथेच हे घर हवंसं झालं. मागची दोन स्थळं मोडली तेव्हा मी पोटभर जेवले होते. हे मोडलं तर मला फार वाईट वाटेल. माझं काय चुकलं ते लगेच लिही.

तुझी,
मालती


अक्कलकोट,
ता. १० डिसेंबर १९३१

चि. मालतीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

काय म्हणावं तुला? आधी मलाच म्हणते. ती पुस्तकं मी गुंडोपंतांच्याच कपाटातून मागून आणली होती, आणि ‘एक गृहस्थ’ म्हणजे स्वतः गुंडोपंत. तू कादंबरी वाचलेली असावी, चार गोड शब्द बोलावेस आणि म्हातारा खूश व्हावा, एवढाच माझा डाव. लेखकाचं नाव आधी सांगितलं तर तू मुद्दाम उलट बोलशील, म्हणून ते झाकून ठेवलं. फार शहाणी ना मी.

काल त्यांच्याकडे जाऊन आले. ते माडीवरून खाली आले नाहीत. दोन दिवस जेवणही वरच जातं आहे. काकूंनी जे सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. ही हेमांगी म्हणजे त्यांची गोदू. एकुलती एक लेक. प्लेगच्या साली गेली. अशीच बापाशी वाद घालायची म्हणे. काकू म्हणाल्या की घरात तिचं नावसुद्धा कुणी काढत नाही. तू कागदावर ‘फार जिवंत आहे’ असं लिहिलंस, ते ऐकून त्यांना तिथे बसवेना, म्हणून त्या आत उठून गेल्या.

रंगनाथचं मन तुझ्याकडे आहे, पण काकांच्या शब्दाबाहेर तो जाणार नाही आणि जाऊही नये. तू त्यांना पत्र लिही. जपून लिही, पण खोटं लिहू नकोस. आता कौतुक केलंस तर त्यांना जास्त लागेल.

तुझ्या बाबांना माझा नमस्कार, आणि रागवायचं तर माझ्यावर रागवा म्हणावं.

आत्या


अक्कलकोट,
ता. १४ डिसेंबर १९३१

चि. सौ. कां. मालतीस गुंडोपंताचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वरचा मायना तुझ्या बाबांना दाखव. त्यांना निराळे पत्र धाडले आहे, पण हे तीन शब्द वाचून ते तुला पुन्हा तारे दाखवू लागतील, असे तुझी आत्या म्हणते.

तुझे पत्र पावले. मन दुखावल्याची माफी मागितलीस, मताची मागितली नाहीस, हे योग्य केलेस. लेखकास तिच्या मरणाविषयी काही ठाऊक नसावे, असे तू लिहिलेस. ठाऊक होते, पोरी. गावाबाहेरच्या झोपडीत चटईवर गोदू गेली. तेथे तलाव नव्हता. चांदणे असेल तर मी पाहिले नाही. तिने एकदा पाणी मागितले, आणि मी भांडे घेऊन आलो तेव्हा प्यायला ती नव्हती. काही बोलली नाही. हे लिहिण्याची छाती झाली नाही, म्हणून मी तिला चार पाने बोलायला लावले. आजवर सर्वांनी त्या प्रकरणाची वाहवा केली. सौ. काकूने मात्र ते कधीच पुरे ऐकून घेतले नाही. का, ते आता कळले.

शेवटचे प्रकरण पुन्हा लिहीत आहे. रात्री जेवणानंतर हिच्यापाशी बसून वाचतो. आम्ही गोदूचे नाव घेऊ लागलो आहोत. परवा तिच्या एका हट्टाची आठवण निघाली आणि दोघे हसलो. माघात लग्न करावे असे तुझ्या बाबांना सुचविले आहे. तोवर प्रकरण पुरे होईल. घरात आलीस की आधी ते तू वाचावेस, आणि खोटे वाटेल तेथे खूण करावी. भीड धरू नये. या घरात वाद घालणारे माणूस फार दिवसांत नाही.

आमच्यावर माया जडू दे, इतकेच मागणे.

तुझा,
गुंडोपंत

ता. क. लग्नाआधी मुलाने पत्र लिहिण्याचा आमच्याकडे रिवाज नाही, म्हणून रंगनाथचा निरोप मीच लिहितो. तो म्हणतो, गुप्तहेराच्या गोष्टीतल्या चौथ्या प्रकरणाच्या समासात नीट पाहा. पिंपळापाशी त्याने लहानपणीच पेन्सिलीने वैरणीचा भारा आणि पाण्याची बादली काढून ठेवली आहे.