लाल तांदळाची ओढाताण

बुधवार, दिवेलागण

मनगट ठणकून राहिलं, पण मी लय खूश! सून बाळंतीण, दूध उतरे नाही, नात भुकेनं किंचाळे. आमच्याकडं बाळंतिणीले लाल तांदळाची पेज देतात. काल आमगावच्या बाजारात तो जुना तांदूळ एकच पायली उरला होता. मी पिशवी धरली, तं दुसऱ्या म्हातारीनंही धरली.

"सोड वो! माही पोरगी बाळंतीण हाय!"

"मंग माही सून काय दगड होय?"

ती मनगटाले कडकडून चावली. मी अंबाडा धरून तिले चिखलात आपटली. जास्त झालं का? होऊ दे. तं ती माह्या छातीवर बसली! तांदूळवाली ओरडली, "अर्धा-अर्धा न्या, नाहीतं गाईले घालीन!"

मंग दोघींनं अर्धा-अर्धा वाटून नेला. चावलेलं सुजलं, हळद लावली. सून काल, आज पेज प्याली. आता नात चुरूचुरू पिऊन राहिली.

त्या म्हातारीच्या पोरीलेही दूध उतरलं असन ना?