क्रूझवरचं हळदीकुंकू

मल्हारगंज, इंदूर
सोमवार, दुपारच्या चहानंतर

ती. सौ. वन्संना,

तुमच्या भावजयीचा, मंगलाचा, साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे सध्या आठातली पाचच अंगं जमिनीला टेकतात. बाकीची तीन मनाने टेकवली आहेत, मानून घ्या.) तुमची तबियत कशी आहे? पाठीला लावायचं तेल पुरतंय का? प्रतापरावांचं पोट काय म्हणतं? त्यांना सांगा, देवासला कचोरी उद्याही मिळते, एकाच सकाळी चार खायची जरूर नसते. मी इकडे बरी आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय लिहायचं? तेच तर लिहायचंय. आमच्या ओळखीच्या सगळ्या बायकांत सध्या मी एकटीच बरी आहे, आणि त्यानेच माझा जीव जाऊन राहिला आहे.

फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की तुम्ही "हो हो, छान" म्हणता. मागे मी जिन्यावरून पडले ते सांगितलं, तेव्हाही "हो हो, छान, सगळ्यांना सांग" म्हणालात. या वेळी मला तसलं "हो हो" चालायचं नाही, म्हणून कागद घेतला. माझी शाळा गौतमपुऱ्याची, सातवीपर्यंत, तीही हिंदी. मराठी घरात शिकले, तेव्हा जशी बोलते तशी लिहिते. चुका प्रतापरावांना काढू द्या, रिटायर झाल्यापासून त्यांना काम हवंच आहे.

तर तुमच्या लाडक्या भाचीला, म्हणजे आमच्या स्वानंदीला, सातवा संपत आला आहे. येत्या गुरुवारी माझ्या घरी डोहाळजेवण ठरलंय. शुक्रवारनंतर आठवा लागतो, आणि आठव्यात आपल्याकडे ओटी भरत नाहीत हा तुमच्याच आईचा कायदा, म्हणजे दिवस पुढे ढकलायची सोय नाही. आम्ही जहाजावर निघालो तेव्हाच जावईबापूंनी, हृषीकेशने, हात जोडून सांगितलं होतं, "आई, कोरोना परत वर आलाय. डॉक्टरांनी स्वानंदीला जपायला सांगितलंय. परत आल्यावर जी पॉझिटिव्ह निघेल तिने गुरुवारच्या कार्यक्रमात यायचं नाही, मग ती तुम्ही असा की माझी आई." एकुलती एक मुलगी, तिचं डोहाळजेवण, आणि मी खोकत खोलीत बंद! मी तर जातच नव्हते. पण विहीणबाई ऐकतील तर ना.

विहीणबाई म्हणजे हृषीकेशची आई, शोभनाताई. तुम्ही त्यांना लग्नात पाहिलंय, स्टेजवर माइक धरून उभ्या होत्या त्या. (कुणाचं लग्न आहे हे शेवटपर्यंत कळू दिलं नाही.) त्या आमच्या मराठी भगिनी मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाच्या दहाजणींनी मुंबईहून गोवा आणि पुढे लक्षद्वीप अशी पाच रात्रींची क्रूझ काढली. दहाच्या दहा सवाष्णी. मला म्हणाल्या, "चला हो मंगलाताई, तुम्हालाही जरा समुद्र दाखवते." जसा काही समुद्र त्यांच्या माहेरचा. मी अकरावी. जोड्या पाच झाल्या, म्हणून मला एकटीला बिनखिडकीची खोली, आणि तिकीट मागाहून काढलं म्हणून गाडीतही डबा वेगळा. समुद्र दाखवायला नेलं आणि भिंत दाखवली. तेव्हा मला फार राग आला होता. आता मी त्या भिंतीला उदबत्ती लावायला तयार आहे.

शोभनाताईंनी कोरोनाची तयारी अशी केली होती की मिलिटरीने शिकावं. प्रत्येकीच्या गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी, तोंडावर दोन दोन मास्क, पर्समध्ये सॅनिटायझर. लिफ्टचं बटण बोटाने दाबायचं नाही, लाटण्याने दाबायचं. (लाटणं खरंच आणलं होतं. तपासणीवाल्या मुलीने विचारलं, "माताजी, ये किसलिए?" तर म्हणाल्या, "लिफ्ट के लिए." ती बिचारी अजून विचार करत असेल.) जहाजावरचं जेवण दहा ठिकाणच्या लोकांनी हाताळलेलं, म्हणून तिकडे पाहायचं नाही, आपली सेव, आपल्या पुऱ्या, आपला चिवडा. पंचवीस प्रकारचं खाणं मांडलेलं, आणि आम्ही इंदुरी बायका कोपऱ्यात पोह्याचा चिवडा खाऊन राहिलो आहोत! शेजारच्या टेबलावर एक गुजराती काका नुसते घसा साफ करायचे, तर या अख्खं मंडळ उचलून दुसऱ्या मजल्यावर. दिवसातून चार वेळा. माझे गुडघे बोलायला लागले, पण बोलणार कुणाला? अध्यक्ष त्या.

आणि हे सगळं चालू असताना आमच्या मंडळाच्या कोषाध्यक्ष मधुरिमाताई पहिल्या दिवसापासून खोकून राहिल्या होत्या. मी दोनदा म्हटलं, शोभनाताई, यांना जरा बघा. तर काय म्हणाल्या असतील? "छे हो, तिचा एसीचा खोकला आहे, मी तिला वीस वर्षं ओळखते." घ्या! कोरोना म्हणजे काय, ओळख नसलेल्या माणसालाच होतो? गुजराती काकांचा खोकला तो रोग, आणि मंडळाच्या कोषाध्यक्षांचा खोकला तो एसी.

तिसऱ्या दिवशी भोंग्यावरून सांगितलं की जहाजावर दोन पॅसेंजर पॉझिटिव्ह निघालेत, शक्यतो मोकळ्या हवेत बसा आणि गर्दी टाळा. माझ्या तर डोळ्यापुढे गुरुवार आला. शोभनाताईंनी मात्र शिट्टी वाजवल्यासारखं सगळ्यांना जमवलं आणि हुकूम सोडला, "बाहेर फिरायचं नाही. सगळ्या माझ्या खोलीत. दार बंद, पडदे बंद. बाहेरचं कुणी आत येणार नाही, आपली आपली माणसं." आणि अनायासे सगळ्या जमल्याच आहेत, रथसप्तमी चार दिवसांवर आली आहे, तर संक्रांतीचं हळदीकुंकू इथेच उरकून घेऊ! वन्सं, ती खोली तुमच्या देवघरापेक्षा दोन बोटं मोठी. त्यात दहाजणी, पैठण्यांसकट.

मी आपली दाराशी उभी. शोभनाताई अगदी गोड बोलल्या, तो भाग मी नाकारणार नाही. "मंगलाताई, तुम्ही बसा हं जरा बाहेर. आत तुम्हाला करमायचं नाही. आणि चपलांवरही लक्ष राहील." नऊ वर्षं झाली तुमचे भाऊ जाऊन, हे "करमायचं नाही" मी पुष्कळ घरांच्या दाराशी ऐकलंय, आता त्याचं वाईट वाटत नाही असं मी लोकांना सांगते. बसले बाहेर. दहा जोड चपला आणि मी.

आतून सगळं ऐकू येत होतं. कुंकू लावायचं म्हणून मास्क काढले. गुलाबपाणी शिंपडलं, तशा चौघी शिंकल्या. मग तिळगूळ, तोही आपापल्या हाताने घेऊन खायचा नाही, एकमेकींना भरवायचा. मग उखाणे. सगळ्यात मोठ्याने मधुरिमाताई. "सुधा" पर्यंत आल्या की खोकला, परत "सुधा", परत खोकला. चौथ्या खेपेला सुधाकररावांचं नाव पूर्ण निघालं आणि टाळ्या पडल्या. त्या बंद खोलीत! मी बाहेरून दार ठोकून म्हटलं, अहो, दार तरी उघडा. आतून अध्यक्षांचा आवाज, "नको नको, बाहेर कोरोना आहे!"

मी हात जोडले, चपलांना म्हटलं तुमचं तुम्ही बघा, आणि वर डेकवर गेले. काय वारा होता, वन्सं! मशीनमधून लांब शेपटीचं आइस्क्रीम देत होते, फुकट, दोन खाल्ली. एक पोरगी सगळ्या म्हाताऱ्यांना नाचवत होती. मला म्हणाली, "आंटी, आ जाओ." मी कशाला नाही म्हणू? नऊवारी असती तर पहिला नंबर आला असता, सहावारीत तिसरा आला. बक्षीस म्हणून टोपी मिळाली. प्रतापरावांना चालेल, डोक्याच्या मापाची नाही पण त्यांना कुठे कळतंय.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. इंदूरला उतरलो तेव्हा दहाही जणी अशा खोकत होत्या की स्टेशनवर हमालाने सामान उचलायला नाही म्हटलं. हृषीकेशने सगळ्यांची टेस्ट करवली. दहाजणींच्या पट्टीवर दोन दोन रेघा. (स्वानंदीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या तेव्हा शोभनाताईंनीच पेढे वाटले होते. मी आठवण करून दिली, कुणी हसलं नाही.) माझ्या पट्टीवर एक. शोभनाताईंचा विश्वासच बसेना. म्हणाल्या, तुमची पट्टी खराब असेल. दुसरी आणली, एक रेघ. परवा केली, आज सकाळी केली, एकच. माझ्या नाकाला आता ती काडी घरची वाटते. आणि त्या मला असं बघतात जशी मी परीक्षेत कॉपी करून पास झाले.

आता उभं राहू शकणारी बाई मी एकटी, म्हणून काढा कोण करणार? मी. मुगाची खिचडी कुणाची? माझी. दहा घरी दहा डबे. प्रत्येकीची फर्माइश निराळी. एकीला तूप वरून, एकीला तूप वेगळं. मधुरिमाताईंना चव लागत नाही, पण मीठ कमी पडलेलं मात्र बरोबर कळतं. डबा दाराबाहेर ठेवायचा आणि मागे सरकायचं. वन्सं, एवढं मात्र कबूल करते, पहिल्या दिवशी शोभनाताईंच्या दारावर टकटक करून मी म्हणालेच, "शोभनाताई, आतच बसा हं. बाहेर तुम्हाला करमायचं नाही." आतून नुसता खोकला आला.

राहता राहिला गुरुवार. मी शाबूत आहे, घर शाबूत आहे, आचाऱ्याला सांगून ठेवलंय. पण ओटी भरायला सवाष्ण नाही! मंडळ सगळं आजारी. शेजारची गुप्ताइन मथुरेला गेली. शोभनाताईंनी पलंगावरून तोड काढली की त्या व्हिडिओवरून भरतील, म्हणजे त्या तिकडे नारळ दाखवतील आणि स्वानंदीने इकडे मोबाइलपुढे ओढणी धरायची. हृषीकेशने वरच्या मजल्यावरची श्रेया सुचवली, लग्न झालेली आहे, पुण्याहून नोकरीला आली आहे, येऊन महिना नाही झाला. गोड पोरगी. तिने विचारलं, "काकू, ओटीत नक्की काय काय घालायचं असतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला सगळं येतंय, तर मग मी कशाला?" मी तिला चहा दिला.

असा सगळा वैताग आहे. तुम्ही काळजी करू नका, पाठीला तेल लावा, प्रतापरावांना नमस्कार सांगा.

तुमची भावजय,
मंगला

ता.क. : खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं की तुम्ही सख्खी आत्या, सवाष्ण, आणि महिनाभर देवासच्या बाहेर पडलेल्या नाहीत. गुरुवारी सकाळच्या बसने या आणि ओटी भरा. खिडकी उघडून बसा.

आणखी ता.क. : वरचं खोडलं असतं, पण घरात चांगला कागद एवढाच आहे. वन्सं, खरं खरं सांगते. तुम्ही याच, पण ओटी मला भरू द्या. स्वानंदीने काल साफ सांगितलं, "लग्नात तू खांबामागे उभी होतीस, मला स्टेजवरून तुझी नुसती बांगडी दिसत होती. या वेळी तू दाराशी उभी राहिलीस तर मी पाटावर बसणारच नाही." मी रागावले तिला. मग स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसले. शोभनाताई माझं ऐकायच्या नाहीत, पण तुम्ही घरातल्या मोठ्या, तुम्ही लिहून दिलंत तर मोडता घालायच्या नाहीत. दोन ओळी पुरेत. फोनवरचं "हो हो" नको, कागदावरचं हो पाहिजे. आणि नाही म्हणायचं असेल तर तेही लिहा, मी समजेन. (समजणार नाही, पण लिहा.)

शेवटचा ता.क. : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात स्वानंदी आली. मास्क लावून, खिडकीपाशी बसून, सगळं पत्र वाचलं. उठली, माझ्यापुढे खुर्ची ओढून बसली आणि ओढणी पसरली. आता पोटुशी पोरगी, तिच्यापुढे मी उत्तराची वाट बघा म्हणू? गहू दळणासाठी काढलेले होतेच, देवापुढे नारळही होता. भरली. पाच मुठी भरल्या, त्यातल्या दोन मुठी खालीच सांडल्या, त्याही वेचून घातल्या. तेव्हा तुम्ही आता काही लिहू नका. गुरुवारी या, आणि सगळ्यांसमोर ओटी पहिल्यांदाच भरली जातेय अशा थाटात भरा. शोभनाताईंना त्यांचा ताप उतरेपर्यंत कळायला नको. नारळ मात्र देवासहून घेऊन या, घरात एकच होता.