तेलाच्या डब्यातली मिरची

आई, तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला अजून तुझा राग येतो. फोटोला हार घालतानाही येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. होतीस तेव्हा तू कुठे कुणाला बोलू दिलंस?

शहाडची आपली खोली. मागच्या दारी चार हात जमीन, आणि स्वयंपाकघरात खिडकीखाली तुझे ते आडवे कापलेले तेलाचे डबे. उन्हाळा तापला की त्यांत माती, शेणखत, राख कालवून तू मिरची-वांग्याचं बी टाकायचीस, वर ओलं गोणपाट. पाऊस स्थिरावला की रोपं बाहेर. शेजारच्या काकू बी सरळ जमिनीत टाकायच्या, तर त्यांच्यावर तुझं तोंड सुटायचं. "बी फेकायचं आणि घरात जाऊन झोपायचं. मुंग्या खाणार, चिमण्या खाणार, उरलं ते हिचं!" अगं, तू भेंडीसुद्धा डब्यात रुजवायचीस. भेंडीचं मूळ हलवलं की ती रुसते, हे आळीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तुझी भेंडी कधी गुडघ्याच्या वर गेली नाही. काकूंची माझ्या डोक्याच्या वर जायची. तेव्हा हे बोलले असते तर थोबाड फुटलं असतं, म्हणून आत्ता बोलते.

त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते. पाळी नुकतीच सुरू झालेली. चार दिवस पॅसेजमध्ये चटईवर बसायचं, ताट वेगळं, तांब्या वेगळा, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. मिरची बोटभर झाली होती. तू रोज सकाळी चार बोटं पाण्यात बुडवून शिंपडायचीस आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचीस, "एवढी जगली की सुटले."

पाचव्या दिवशी मी न्हाऊन आत येते, तर तू डब्यांसमोर उभी. सगळी रोपं आडवी पडलेली. वर पानं हिरवी, बुडाशी मात्र ओल्या दोऱ्यासारखी बारीक, काळपट. तू वळून विचारतेस, "शिवलीस ना यांना?" मी म्हणते, नाही. "खोटं बोलतेस, कार्टे! बाहेरची बाई शिवल्याशिवाय असं होत नाही." काकू दारातून म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या, लहान आहे." त्यावर तू त्यांना काय सांगितलंस, आठवतंय? "लहान कसली! हिचा हातगुणच वाईट. जिथे हात लावेल तिथे माती करेल."

एकदा बोलून थांबली असतीस तर मी विसरले असते. पण तुला ते वाक्य फार आवडलं. पाहुण्यांत, बारशात, कुठेही. माझ्या पाठवणीच्या वेळी सासूबाईंना म्हणालीस, "स्वयंपाक झकास करते, फक्त झाडाला हात लावू देऊ नका." सगळे हसले, तूही हसलीस. सासरी पहिली कितीतरी वर्षं मी तुळशीला पाणी घातलं नाही, लांबूनच नमस्कार. आळीतली कुठलीही मुलगी माहेरपणाला आली की तू तिला ओल्या फडक्यात गुंडाळून रोपं द्यायचीस. मला लोणच्याची बरणी.

आता टिटवाळ्याला आमचा तळमजल्याचा फ्लॅट आहे, पुढे मातीचा लांबट पट्टा. तू गेल्यानंतर मी पेरायला लागले. मेथी, मुळा, गवार, भेंडी, सगळं थेट जमिनीत. बोटाने भोक, त्यात बी, वर माती, संपलं. नाही उगवलं तर पावसाला शिव्या घालायच्या. बिल्डिंगमधल्या बायकांना सांगते, मला रोपांची लाडीगोडी जमत नाही. खरं म्हणजे रोपाला हात लावायची हिंमतच नव्हती. पण भेंडी माझ्या डोक्याच्या वर जाते, तुझ्या नाकावर टिच्चून.

यंदा लेकीला मिरची हवी होती. मिरचीचं आधी रोपच करावं लागतं, तेवढं तुझं बरोबर. म्हणून किचनच्या खिडकीत ट्रे ठेवला. बोटभर झाली आणि एका सकाळी सगळी आडवी, तश्शीच, बुडाशी काळपट. लेकीची पाळी चालू होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "हात लावलास का गं त्यांना?" तुझ्याच आवाजात, आई.

"हो, लावला. का?" ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. "मम्मी, सीरियसली? पाळीमुळे झाडं मरतात?" मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तिने ट्रे उचलला आणि मला ओढत स्टेशनजवळच्या रोपवाल्याकडे नेलं. तो बघताक्षणी म्हणाला, "ताई, पाणी जास्त झालं. घरात वारा नाही, ऊन नाही, बुडातून कुजतात. पाणी कोण घालतं?"

"मी," लेक लगेच म्हणाली. "मम्मी ऑफिसला गेली की दुपारी पण घालायचे. मला वाटलं सुकतील."

इतकं सोपं होतं ते म्हणणं.

त्या चार दिवसांत, तू दुपारी बाजारात गेलीस की मी उंबरा ओलांडून आत जायचे. माझ्या वेगळ्या तांब्याने प्रत्येक डब्यात पाणी ओतायचे. भयंकर उकडत होतं. मला वाटायचं, तू येशील, रोपं टवटवीत बघशील आणि खूश होशील. म्हणजे तुझी मिरची मीच मारली. पण विटाळाने नाही गं, पाण्याने. म्हणून तू सुटलीस असं समजू नकोस. तुझी एका पावसाळ्याची मिरची गेली, माझे हात तू अर्धा जन्म बांधून ठेवलेस.

काल नवीन बी टाकलंय. लेक चार बोटांनी पाणी शिंपडते. मीच शिकवलं, पद्धत कोणाची ते सांगितलं नाही. हा कागद आता ट्रेखाली घालते, ठिबकलेलं पाणी टिपायला काहीतरी लागतंच. लिहिताना सारखं मनात येत होतं की रोपवाल्यासारखं तूही नुसतं विचारलं असतंस, पाणी कोणी घातलं, तर मी सांगितलं असतं. नसतं सांगितलं, आई. तुझी भीती वाटायची मला. अजून वाटते.