नवव्या रिळाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय चित्रपटांचे संकलन, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणणाऱ्यांचे पंचेचाळीस वर्षे ऐकले, तेवढे पुरे. डॉक्टरीणबाईंनी माझे हृदय तपासून मान हलवली, डोके तपासून मात्र हसल्या. त्यांचा दाखला जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच गोड बोलले होते.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, सज्जा आणि गळका नळ, माझ्या धाकट्या भावाला. नळ दुरुस्त करतो म्हणून तो सात वर्षे सांगतो आहे. आता स्वतःच्या घरात तरी करील. कपाटातली शिवणाची कात्रीही त्यालाच द्यावी. मी कामाला लागले तेव्हा "बाईच्या हातात कात्री शोभते ती शिवणाची" असे तो चारचौघांत म्हणाला होता. ती मी त्याच आठवड्यात विकत आणली आणि एकदाही वापरली नाही. धार शाबूत आहे.

कलम २. बँकेत जे आहे ते दवाखान्यातच जाईल. उरलेच तर जिन्यातला दिवा बदलावा.

कलम ३. संकलनाची खोली माझ्या भाचीला, म्हणजे वरील भावाच्या मुलीला. सोबत टेबल, संगणक, एक चाक रुसलेली खुर्ची आणि मागच्या भिंतीचे पत्र्याचे डबे. डब्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या आहेत: बाई दार उघडते. बाई वाट पाहते. बाई पट्टी बांधते. बाई रडते, आखूड. बाई रडते, लांब. चित्रपटात कुठे भोक पडले तर बुजवायला हे तुकडे मी जपून ठेवत असे. पाठमोऱ्या बाईचा एक तुकडा तर मी दोन वेगळ्या चित्रपटांत लावला. नट्या वेगळ्या, कथा वेगळ्या, पण कोणाच्या लक्षात आले नाही. पुरुषांचे असे डबे करायला गेले ते जमले नाही, कारण ते मेले दर चित्रपटात काहीतरी नवीन करायचे.

आमचे निर्माते शेठ म्हणायचे, "बाई पुढे असली की लोक बघत नाहीत हो." लोकांना दाखवलेच नाही तर ते बघणार काय, कपाळ?

कलम ४. नववे रीळ. याची हकिगत लिहिल्याशिवाय वाटणी कळणार नाही.

चित्रपट होता नदीवर लाँच चालवणाऱ्या बाईचा. ती भूमिका करणारी नटी चांगली उंच होती, म्हणून सगळे तिला उंच बाई म्हणत. ती दोन महिने लाँच शिकली, तळहाताला फोड आले तरी शिकली. हिरो होता तिचा दीर, तिकिटे फाडणारा. शेठने चित्रपट पाहिला आणि म्हणाला, "बाईचं जरा जास्तच होतंय. दिराचं वाढवा."

मी वाढवले. दिराच्या चेहऱ्याला उंच बाईचे हात जोडले. हिरोला पाण्याची भीती, लाँचमध्ये बसला की दोन्ही हातांनी कठडा धरून असायचा. पडद्यावर मात्र सुकाणू फिरवणारे हात त्याचे ठरले, आणि अंगठ्याखाली फुटलेला फोड कोणी पाहिला नाही. शेवटी पूर येतो, त्या नवव्या रिळात उंच बाईला मी काठावर उभी केली. लांब रडण्याचा तुकडा तिथेच लावला.

रद्द केलेल्या रिळाच्या डब्यावर तांबडी फुली मारायची, ही आमची पद्धत. नवव्या रिळाच्या जुन्या डब्यावर ती मारायची राहिली, आणि एका लहानशा थिएटरात जुनेच रीळ गेले. तिथल्या लोकांनी काय पाहिले? आठ रिळे कोपऱ्यात उभी असलेली बाई नवव्यात अचानक सुकाणू धरते आणि पुरातून साठ माणसे बाहेर काढते. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. आठवड्याने तिथल्या मॅनेजरचे पत्र आले: "लोक शेवटासाठी पुन्हा येत आहेत. बायका खुर्च्यांवर उभ्या राहून शिट्ट्या मारतात. कृपया हे रीळ बदलू नये."

शेठने पत्र वाचले आणि म्हणाला, "त्या गावचे लोकच विचित्र." बाकी सगळीकडे, जिथे योग्य रीळ चालले होते, तिथे चित्रपट आठ दिवसांत उतरला. त्यावर शेठ म्हणाला, "बघा, बाईचा पिक्चर म्हणून पडला." असल्या माणसाशी कुठे डोके आपटावे? मी आपटले नाही. रीळ परत मागवले आणि 'नष्ट केले' म्हणून लिहून दिले. ते लांब रडण्याच्या डब्यात तळाशी आहे. तो डबा उघडायची कोणाला कधी इच्छा झाली नाही.

हे नववे रीळ उंच बाईला द्यावे. तीन वर्षांनी ती येऊन म्हणाली होती, "ते रीळ एकदा दाखवाल का हो? मी स्वतःला लाँच चालवताना पाहिलंच नाही." मी ते जळाले म्हणून सांगितले. आता ती मुलांना पोहायला शिकवते. रीळ दाखवायची सोय भाचीने करावी आणि आधी माझ्या वतीने माफी मागावी.

कलम ५. नवव्या रिळातल्या सुकाणूवरच्या त्या हातांचा मोठा फोटो काढून, चौकट करून, हिरोला पाठवावा. पुरात लाँच कशी हाकली हे तो अजून सत्कारसमारंभांत सांगतो.

कलम ६. हे लिहायला जड जाते. भाची लहानपणापासून सांगत आली आहे, "आमच्या आत्याने ते रीळ मुद्दाम पाठवलं!" मी कधी खोडून काढले नाही. ऐकायला बरे वाटायचे. आज शपथेवर लिहिते की ती चूक होती. नोकरी जाईल म्हणून मी शेठपुढे हात जोडले आणि पुढची तीस वर्षे फुल्या वेळेवर मारल्या. एवढ्या वर्षांत मी केलेले एकच चांगले काम माझ्याकडून चुकून झाले, याची मला लाज वाटते.

कलम ७. भाचीने दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट माझ्या टेबलावर, मीच जोडून, तयार आहे. क्रेन चालवणाऱ्या बाईचा. पैसा शेठच्या मुलाचा. त्याने कापायच्या चौदा प्रसंगांची यादी पाठवली आहे, चौदाही त्या क्रेनवाल्या बाईचेच. खाली लिहिले आहे, "फोरमनचं वाढवा." फोरमन दोनदा येतो, एकदा चहा पितो. भाची इथे बसून रडली. म्हणाली, "आत्या, तू तेव्हा दाखवलीस ती हिंमत मी कुठून आणू?" खरे काय ते कोणत्या तोंडाने सांगणार होते?

मात्र शेठच्या कंपनीच्या प्रत्येक करारात एक ओळ आहे: अंतिम प्रत संकलकाच्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. नवव्या रिळानंतर शेठनेच ती घातली, पुन्हा चूक झाली तर मान कोणाची धरायची हे ठरलेले असावे म्हणून. शेठ गेला, पण ओळ राहिली.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि मला पटला.

सही: संकलक
साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरा: खालच्या मजल्यावरचा किल्लीवाला ("आजी, यात मला काही ठेवलं नाही ना? मग बिनधास्त करतो सही.")
स्थळ: संकलनाची खोली
दिनांक: नऊ, गुरुवार

पुरवणी, दुसरा दिवस, त्याच साक्षीदारांसमोर. आज सकाळी अकरा वाजता भाचीच्या चित्रपटाची प्रत सगळ्या थिएटरांना रवाना केली. चौदाही प्रसंग आत आहेत. फोरमन एकदाच चहा पितो. भाचीला यातले काही ठाऊक नव्हते, तिला जबाबदार धरू नये. पाठवण्याआधी मी प्रत दोनदा तपासली आणि चष्मा लावून सही केली. शेठच्या मुलाला मान धरायची असेल तर मी घरीच आहे. माझ्या पश्चात कोणी विचारले, तर म्हातारीकडून चूक झाली असे कोणीही म्हणू नये.